भाकरीच्या पापुद्र्यावरून बिअर

काल फोनवर तू इतक्या हळू आवाजात बोलत होतीस, की मला वाटलं काहीतरी भलतंच झालंय. आणि निघालं काय, तर जावईबापूंच्या वाढदिवसाला कुठली बिअर आणू! अगं वेडे, मला विचारायला लाजायचं कशाला? तीनदा आणलीस आणि तिन्ही वेळा त्यांनी अर्धा ग्लास तसाच ठेवला. तुझी चूक एवढीच, की दुकानात जाऊन तू "चांगली द्या" म्हणालीस. दुकानदाराच्या लेखी चांगली म्हणजे स्ट्राँग. आपल्या मुडबी-बसवकल्याण भागात तर बिअर म्हणजे स्ट्राँगच, दुसरी काही असते हेच कुणाच्या डोक्यात नाही. पण स्ट्राँग ही काही चव नव्हे गं, ते अल्कोहोलचं माप. साधी लागर ५ टक्क्यांच्या आसपास, स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत. ज्याला नशा नको, चव हवी, त्याला ती औषधासारखीच लागणार.

आता माझं ऐक. ब्रँड विचारूच नकोस, त्यांचं ताट बघ. कारल्याची भाजी दुसऱ्यांदा घेतात का? कोरी कॉफी बिनसाखरेची पितात का? मग त्यांना कडू चालतं. बिअरचा कडूपणा येतो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून, आणि आयपीए नावाच्या प्रकारात ती सढळ हाताने घातलेली असतात. मागच्या संक्रांतीला ते इथे आले होते तेव्हा मी बघितलं, भाकरीचा करपलेला पापुद्रा ते आधी काढून खातात, आणि शेंगाही जरा जास्त भाजलेल्याच निवडतात. अशा माणसाला स्टाउट देऊन बघावी. तिच्यात सातू काळा होईपर्यंत भाजलेला असतो, म्हणून रंग काळा आणि वास कॉफीचा.

पण माझा खरा अंदाज वेगळाच आहे. त्यांना जिभेला झोंबणारं काही नको असतं, तू शेंगाचटणी वाढलीस की दही मागतात. अशांना गव्हाची बिअर. तिचेही दोन प्रकार आहेत. जर्मन पद्धतीच्या हेफेवायझनला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं-लवंग काही घातलेलं नसतं बरं का, ती सगळी यीस्टची करामत. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र खरेच धने आणि संत्र्याची साल घालतात. धने! आपल्या डब्यातले. आणि तिखटाबरोबर कडू बिअर घेतली की जीभ जास्तच भाजते, गव्हाची तेवढी नाही. तुझ्या हातचं तिखट मला माहीत आहे.

पुण्यात राहतेस त्याचा फायदा घे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, २००९ मध्ये तिथेच सुरू झाली. (नावाची गंमत अशी, की नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून बघून गोरे सोल्जर चक्रम व्हायचे, त्यावरून इंग्रजीत चक्रम माणसाला डूलाली म्हणायला लागले.) आता शहरात अशा बऱ्याच जागा आहेत. बहुतेक ठिकाणी चाखायला छोटे छोटे ग्लास मिळतात. चार मागवा, दोघांत वाटून घ्या, आणि त्यांचा कुठला ग्लास आधी रिकामा होतो ते गुपचूप बघ. तोंडाने ते "छान आहे" असंच म्हणतील, नवऱ्यांचं तसंच असतं. जाताना मात्र रिक्षाने जा, गाडी नको.

बाटलीच घ्यायची असेल तर ६५० मिलीची नको, ३३० चा कॅन घे. तारीख वाच. मी एकदा उन्हात मांडलेली हिरवी बाटली उचलली होती, उघडल्यावर असा वास आला की मोरीत ओतली. हॉप्सवर उजेड पडला की तसं होतं, तपकिरी काचेत कमी होतं, कॅनमध्ये होतच नाही. आणि बर्फासारखी गार करू नकोस, जीभ बधिर झाली की सगळ्या बिअरी सारख्याच. गव्हाची असेल तर पाच मिनिटं आधी फ्रिजमधून बाहेर काढ.

दिवाळीला इकडे येताना पुण्याहून पिशवीत भरून आणू नकोस. राज्याची हद्द ओलांडली की उत्पादन शुल्काचे नियम बदलतात, उगीच नाक्यावर शोभा. कलबुर्गीहून मी दोन कॅन आणवून ठेवीन. फक्त रिकामे झालेले रद्दीच्या पोत्यात टाकू नकोस. भंगारवाला येतो तेव्हा आपले अप्पा ओट्यावरच बसलेले असतात.