धुमसणारी गादी आणि उशालगतची विडी

विडी-सिगारेटमुळे घरात लागणारी आग बहुधा एकदम भडकत नाही, ती आधी धुमसते, आणि तिच्या प्रतिबंधाचा सारा विचार या एका गोष्टीवर उभा आहे. धुमसणे म्हणजे ज्वाला न दिसता पदार्थ आतल्या आत जळत जाणे. सिगारेटचे टोक झुरका घेताना सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि सिगारेट नुसती ठेवून दिली तरी जळत राहते. ती कापसाच्या गादीवर पडली, तर वर खोळीला रुपयाएवढे काळे भोक तेवढे दिसते, पण आत निखारा तासन्‌तास सरकत राहतो आणि हवेची वाट मिळाली की मध्यरात्री पेट घेतो. माणूस मात्र बहुतेक वेळा त्याआधीच बेशुद्ध झालेला असतो, कारण धुमसणाऱ्या कापसातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू निघतो. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धुराच्या वासाने जाग येईलच, हा भरवसाही फोल आहे, कारण झोपेत घ्राणेंद्रिय मंदावलेले असते.

विडीची रीत थोडी निराळी. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी ओढली नाही तर लवकर विझते, आणि या गुणामुळेच ती फसवते. अर्धी विडी विझली असे समजून कानावर, सदऱ्याच्या खिशात किंवा काडेपेटीसह उशीखाली ठेवली जाते आणि राखेखाली दडलेली ठिणगी कापडाला लागते. न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये आणि युरोपीय संघाने २०११ मध्ये, ओढली नाही तर आपोआप विझण्याकडे कल असलेली, कागदावर जाड पट्टे दिलेली सिगारेट सक्तीची केली. तीही गादीवर निर्धोक नाही. म्हणून अंथरुणात धूम्रपान करू नये हा नियम निरपवाद मानावा, विशेषतः मद्य किंवा झोपेची गोळी घेतलेल्यांनी, पक्षाघाताच्या रुग्णांनी आणि ज्यांच्या हातापायांची संवेदना मधुमेहाने बोथट झाली आहे अशांनी. थोटूक पाणी घातलेल्या जड डब्यात बुडवावे. गॅलरीतून फेकलेले थोटूक खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर पडू शकते, याचा विचार फेकणारा क्वचितच करतो.

ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतील प्राणवायू वेगळा काढून रुग्णाला पुरवणारे यंत्र आहे, तिथे धोका सर्वाधिक असतो, आणि दुर्दैवाने असे रुग्ण बरेचदा वर्षानुवर्षे विडी ओढूनच फुफ्फुसे गमावलेले असतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला विलक्षण वेग देतो. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. नाकातील नळीभोवती मिशा, दाढी, गळपट्टी आणि पांघरूण यांत तो कितीतरी अधिक साठतो, आणि मग विडीच्या ठिणगीने प्लॅस्टिकची नळी चेहऱ्यावरच पेटते. यंत्र बंद करून लगेच काडी ओढणे पुरेसे सुरक्षित नाही, कारण कपड्यांतील प्राणवायू ओसरायला निदान वीस मिनिटे ते अर्धा तास जावा लागतो. चालू नळी गादीवर टाकून ठेवू नये आणि कोरड्या नाकपुड्यांना व्हॅसलीनसारखे तेलकट मलम लावू नये. घरच्यांच्या धाकाने न्हाणीघरात लपून, गळ्यात नळी अडकवून ओढलेली विडी ही उघड्यावर ओढलेल्या विडीपेक्षा अधिक घातक ठरते. त्यामुळे व्यसन सुटलेले नसेल तर रुग्णाने ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि डॉक्टरांनीही त्याला फैलावर घेऊ नये. व्यसनमुक्तीसाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.

धूर येऊ लागलेली गादी घरातून ओढत नेण्याचा मोह टाळावा, कारण हवा लागताच ती दारात किंवा जिन्यात पेटते आणि सुटकेची वाटच बंद होते. सर्वांना बाहेर काढून खोलीचे दार लोटावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. पाणी ओतून विझल्यासारखी दिसणारी गादीही आतून धुमसत असते. ती शिवण उसवून, कापूस पूर्ण भिजवूनच थंड होते. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप किंवा बर्फ लावू नये.

अंगाला फोड नसला तरी धुरात सापडलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे जाणवले तर रुग्णालयात न्यावे. अशा वेळी कोविडच्या साथीत घरोघर आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दिशाभूल करतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला प्राणवायूयुक्त रक्तासारखेच भासते आणि तो ९८ असा आकडा दाखवू शकतो. यावरचा उपचार, घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून दिला जाणारा जवळजवळ शुद्ध प्राणवायू, रुग्णालयातच शक्य असतो. घरातल्या कॉन्सन्ट्रेटरची ती कुवत नसते.