गुलमंडी ते ओझर: लढाऊ विमानांचा कारखाना बघायला जाताना

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर चहाच्या एका कपात सुखोई भारी की तेजस याचा निकाल लावणारे पुष्कळ आहेत. ही विमानं जिथे बनतात ते नाशिकजवळचं ओझर आपल्यापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मिग-२१ बांधण्यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, नाशिक विभाग तिथे १९६४ मध्ये सुरू झाला. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आदल्याच वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेलेले. आत जायची संधी मिळालीच, तर एवढं ध्यानात असू द्या: तिथे तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो, काम चालू असताना आत घेतलेला पाहुणा असतो.

निघण्याआधी

करा
- रीतसर परवानगी काढा. अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतनाची औद्योगिक भेट हा सरळ मार्ग. अर्ज संस्थेकडून जाऊ द्या, आणि महिनोन् महिने आधी.
- अर्जातलं नाव-पत्ता ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळवा. आधारवर ‘औरंगाबाद’ आणि अर्जात ‘छत्रपती संभाजीनगर’ असेल, तर हा फरक आधीच कळवून ठेवा.
- थोडा अभ्यास करून जा. मिग-२१ भारतीय हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला उडालं. सुखोई-३० एमकेआयची जोडणीही इथलीच.
- साधे सुती कपडे आणि पुढून बंद असलेले बूट घाला.

टाळा
- ‘आत आपला माणूस आहे’ या भरवशावर निघणं. त्या माणसाची नोकरी धोक्यात येईल आणि तुम्ही फाटकाबाहेरच राहाल.
- वैजापूर-येवला-निफाड रस्त्यावर वेळेचा हिशेब घट्ट ठेवणं. येवल्यात कुणी पैठणीच्या दुकानात शिरलं, तर दिलेली वेळ हुकलीच म्हणून समजा.
- शर्टाच्या वरच्या खिशात पेन, नाणी, सुपारीची पुडी. कारण पुढे आहे.

फाटकावर

करा
- मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेनड्राइव्ह न मागता जमा करा.
- गुलमंडीवरून इम्रतीचा डबा नेला असेल, तर तो गाडीतच राहू द्या. सगळं आटोपल्यावर बाहेर वाटा.

टाळा
- फाटकाचा, भिंतीचा, धावपट्टीचा ‘एकच’ फोटो. अशा जागा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येतात.
- ड्रोन. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मनाई क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. लग्नाच्या शूटिंगचं म्हणून सवलत नाही.
- सुरक्षारक्षकांशी हुज्जत. ऑक्टोबर २०२० मध्ये इथल्याच एका कर्मचाऱ्याला विमानांची आणि कारखान्याची माहिती बाहेर पुरवल्याच्या आरोपावरून राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली होती. तुमची झडती घेणाऱ्याला हे चांगलं आठवत असतं.

हँगरमध्ये

करा
- आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चाला, हात पाठीमागे ठेवा.
- खिशातलं काही पडलं, तर लगेच सांगा. लाजू नका. जेट इंजिन हवा ओढतं, तशी सुटी वस्तूही ओढतं, आणि विमानाच्या पोटात राहिलेला एक नट नियंत्रणाच्या दांड्यात अडकू शकतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड कोसळलं, त्याची सुरुवात धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीपासून झाली होती.
- हत्यारांच्या फळ्या बघा. प्रत्येक पान्याला त्याच्याच आकाराची खाच असते. संध्याकाळी एक खाच रिकामी दिसली, तर पाना सापडेपर्यंत विमान पुढे जात नाही. शिस्त म्हणजे काय, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.
- दोन विमानांतला फरक बघा. सुखोई जवळपास बावीस मीटर लांब, त्यात टायटॅनियम-ॲल्युमिनियमचं काम मोठं. तेजस साधारण सव्वातेरा मीटरचं, आणि वजनाच्या सुमारे ४५ टक्के भाग कार्बन कॉम्पोझिटचा. कापडासारखे थर एकावर एक लावायचे आणि उष्णता-दाबाखाली भट्टीत पक्के करायचे, अशी ही रीत.

टाळा
- विमानाला हात लावणं. हाताचा घामही तयार पृष्ठभागाला नको असतो.
- काम करणाऱ्याला मध्येच हाक मारणं. तो रिव्हेट मोजत असेल.
- ‘हे सगळं आपणच बनवतो का?’ असा टोमणा. सुखोईचं इंजिन ओडिशातल्या कोरापूटच्या एचएएल कारखान्यात बनतं, तेजसचं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून येतं. कुठला भाग कुठून येतो, हे समजून घ्या, मग मत द्या.

प्रश्न विचारताना

करा
- ‘कसं बनतं’ हे विचारा. डावा-उजवा पंख तंतोतंत जुळतो कसा? जिग म्हणजे काय? एक तंत्रज्ञ या कामाला तयार व्हायला किती काळ लागतो? अशा प्रश्नांनी सांगणाऱ्याचा चेहरा खुलतो.
- उत्पादनाचा वेग समजून घ्या. ओझरची तेजसची साखळी देशातली तिसरी, क्षमता वर्षाला आठ विमानं. हवाई दलाची मागणी आधी ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७. हे आकडे शेजारी ठेवले, की कट्ट्यावरचे निम्मे वाद मिटतात.

टाळा
- ‘पल्ला किती, रडार किती लांबचं बघतं, ब्रह्मोस क्षेपणास्त्र कुठवर जातं?’ असे प्रश्न. त्यांची उत्तरं मिळणार नाहीत. वर तुमच्याकडे बघण्याची नजर बदलेल.
- २१ नोव्हेंबर २०२५ च्या दुबईतल्या तेजस अपघातावर खोदून विचारणं. त्यात आपला एक वैमानिक गेला. हँगरमध्ये उभ्या असलेल्या माणसांना तो विषय बातमीपुरता नाही.

परत आल्यावर

करा
- त्याच रात्री आठवणी लिहून काढा. फोटो नसतात, म्हणून डोळ्यांनी टिपलेलं लवकर पुसट होतं.
- संस्थेमार्फत आभाराचं पत्र पाठवा. पुढच्या तुकडीला परवानगी मिळायला त्याची मदत होते.
- घरातल्या मुलामुलींना दोन्ही वाटा सांगा. आपल्या शहरात १९७७ पासून मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, तयारी होते. आणि आयटीआय केलेल्यांना एचएएलमध्ये शिकाऊ उमेदवारीच्या जागा निघतात.

टाळा
- हँगरमध्ये किती विमानं उभी होती, कुठलं काम कुठे चालतं, हे व्हॉट्सॲपच्या गटात टाकणं. तुम्हाला किरकोळ वाटणारे दहा तुकडे कुणीतरी जोडत बसलेला असतो.
- एका फेरीच्या बळावर तज्ज्ञ होणं. गुलमंडीवर पुन्हा सुखोई-तेजसचा वाद रंगला, तर पल्ल्याचे आकडे फेकू नका. एका विमानामागे किती हात आणि किती महिने लागतात, ते सांगा. बघून आलेला माणूस म्हणून तेवढं बोलायचा तुमचा हक्क आहे.