ढोराचे डास, माणसाचे डास

मित्रांनो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषयही इंजिनिअरिंगचा नाही, पण होस्टेलमध्ये रोज संध्याकाळी आपली ज्यांच्याशी गाठ पडते त्या डासांचा आहे.

आमचं मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी. आजीच्या घराला लागूनच गोठा आहे. लहानपणी सुट्टीत गेलो की गोठ्याच्या भिंतीवर बसलेले डास बघून मी घाबरायचो. आजी म्हणायची, "तुले काय होते रे? हे तं ढोराचे डास हायेत." मला हसू यायचं. ढोर कोण अन् माणूस कोण, हे डासाला काय कळतं!

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझा चुलतभाऊ डोंगराकडच्या शेतात रात्री जागलीला जात होता. रानडुकरं पीक ठेवत नाहीत. एक दिवस दादाला थंडी वाजून ताप आला. आजी म्हणाली, ऊन लागलं. मी फोनवर शहाणपणा केला, "व्हायरल असेल, पॅरासिटामॉल घे." शेतात डास फार चावतात असं तो म्हणाला, तर मी म्हणालो, "आपल्या गोठ्यातले रोजच चावतात की." असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो बरळायला लागला, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर हिवताप, तोही फाल्सिपेरम. आठ दिवस ॲडमिट होता. दादा वाचला, पण ते चार दिवस माझ्या नावावर जमा आहेत.

त्यानंतर मी लायब्ररीत बसून डासांवर मिळेल ते वाचलं. आजीचं वाक्य अर्धं खरं निघालं! ते कसं, हेच सांगायचं आहे.

एकसारखे, पण एक नाहीत

हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला पाहिलं. चावते ती फक्त मादी, आणि माणसाचा हिवताप पसरवतात ते ॲनॉफिलिस गटातले डास. आपल्या खेड्यापाड्यांतला त्यातला मुख्य म्हणजे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस. नदीपात्रातली डबकी, कालवे, साचलेलं स्वच्छ पाणी ही त्याची अंडी घालायची जागा, आणि गोठा ही विश्रांतीची. १९०१ मध्ये त्याचं वर्णन झालं, आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं सगळे त्याला एकच जात समजत होते.

१९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी दाखवलं की ही एक जात नाही. कसं ओळखलं? मादीच्या अंडाशयातल्या काही पेशींमध्ये गुणसूत्रं खूप जाड होतात आणि त्यांवर बारकोडसारखे पट्टे दिसतात. काही माद्यांमध्ये या बारकोडचा एक तुकडा चक्क उलटा बसलेला असतो. याला इन्व्हर्जन म्हणतात.

आता आपलं गणित लावू. समजा एका गावात सुलट आणि उलट गुणसूत्रं निम्मी-निम्मी आहेत. डास जर आपापसात कसेही जोड्या जमवत असतील, तर प्रॉबॅबिलिटीच्या हिशेबाने निम्म्या माद्यांना एक सुलट आणि एक उलट गुणसूत्र मिळायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली अशा मादीत स्पष्ट वेटोळं दिसतं. पण प्रत्यक्षात अशा संकरित माद्या जवळजवळ सापडेचनात. म्हणजे एकाच गोठ्याच्या भिंतीवर शेजारी-शेजारी बसूनही त्यांची आपापसात सोयरीक होत नव्हती. जीवशास्त्रात वेगळी जात म्हणायला हा मोठा पुरावा आहे. दिसणं कसं आहे हे दुय्यम, कोणाची संतती कोणाशी मिसळते हे महत्त्वाचं.

त्या दोन जातींना 'ए' आणि 'बी' अशी नावं पडली. पुढे दिल्लीच्या मलेरिया रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत, डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वाढवलं आणि 'सी', 'डी' जाती पुढे आल्या. गंमत पुढेच आहे. 'बी' मुख्यतः गुराढोरांचं रक्त पिते आणि हिवताप पसरवण्यात अगदी कच्ची आहे. बाकीच्या मात्र पसरवतात. म्हणजे आजीचे 'ढोराचे डास' खरंच आहेत!

मग रामेश्वरमला एक कोडं पडलं. तिथले डास पट्ट्यांवरून 'बी' ठरत होते, तरी हिवताप जोरात होता. १९९९ मध्ये उलगडा झाला. पट्टे 'बी'सारखेच, पण नराचं वाय गुणसूत्र वेगळ्या आकाराचं. ती निराळीच जात होती, 'ई'. ड्रॉइंग जुळलं म्हणून पार्ट तोच असतो असं नाही, हे आपल्याला वर्कशॉपमध्ये शिकवतात ते इथेही लागू पडतं.

कुंपण आणि त्यातली भोकं

नवी जात तयार होताना हा उलटा तुकडा नुसती खूण नसतो. सुलट आणि उलट गुणसूत्रं एकत्र आली तरी त्या भागात जनुकांची अदलाबदल नीट होत नाही. त्यामुळे कोणतं पाणी मानवतं, कोणती हवा मानवते अशी एकमेकांना पूरक जनुकं वेल्डिंग केल्यासारखी एकत्र राहतात. दोन गटांमधलं कुंपण असं हळूहळू वाढतं.

पण कुंपण पक्कं असतं का? याचा सर्वांत चांगला अभ्यास आफ्रिकेतल्या ॲनॉफिलिस गॅम्बी गटावर झाला आहे. तिथेही दिसायला सारख्या अनेक जाती आहेत. कोणी गोड्या पाण्यात वाढतात, तर कोणी मचूळ पाण्यात. त्यांतल्या गॅम्बी आणि अरेबिएन्सिस यांचा संकर केला तर होणारे नर वांझ निघतात, माद्या मात्र अंडी घालू शकतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलेला नियम हाच. (हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) कारण सोपं आहे. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रं, म्हणजे एकात बिघाड असेल तर दुसरं स्पेअर. नराकडे एकच एक्स. परक्या पार्ट्सशी त्याचं जुळलं नाही की गाडी बंद.

त्या वाचलेल्या माद्या म्हणजे कुंपणातली भोकं. त्यांच्यामार्फत एका जातीची जनुकं दुसरीत झिरपतात. २०१५ मध्ये या गटाच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ही गळती प्रचंड असल्याचं दिसलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मालीमधली गोष्ट आहे. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा वापर वाढला त्या काळात, कीटकनाशकाला दाद न देणारं जनुक गॅम्बीमधून संकराच्या वाटेने कोलुझी या शेजारच्या जातीत शिरलं आणि पसरलं. त्या मच्छरदाण्यांवर पायरेथ्रॉइड असतं. आपण रूममध्ये लावतो त्या कॉइलमध्ये आणि लिक्विडमध्येही याच कुळातलं औषध असतं, हे लक्षात घ्या.

औषध निकामी होण्याचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. १९६५ मध्ये भारतात हिवतापाचे रुग्ण सुमारे १ लाखावर आले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डीडीटीला न जुमानणारे डास हे त्यामागचं एक कारण होतं. म्हणून फवारणीआधी कोणत्या गावात कोणती जात आहे, आणि ती कोणत्या औषधाने मरते, हे शोधावं लागतं. नाहीतर फवारायचो 'बी'वर आणि ताप आणणारी दुसरीच!

मग आजी कुठे चुकली? महाराष्ट्रात 'बी' आणि 'सी' दोन्ही आहेत. भिंतीवरच्या डासाकडे बघून कोणती कोण हे आजीला सांगता येत नाही, मला नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी शास्त्रज्ञालाही नाही. शिवाय शेतातल्या मचाणावर ढोर नव्हतं, एकटा दादा होता.

तेव्हा मित्रांनो, थंडी वाजून ताप आला तर डासाची जात ओळखायच्या भानगडीत पडू नका, आणि माझ्यासारखं फोनवर निदानही करू नका. त्याच दिवशी रक्त तपासा. गावी आशाताई असतात, इथे दवाखाना आहे. गोळ्यांचा डोस पूर्ण करा.

दादा यंदाही जागलीला जातो, पण आता मच्छरदाणी घेऊन. मागच्या सुट्टीत मी आजीला ही 'ए-बी-सी-डी' समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे मी खरंच बोलत होती नं?" मी म्हटलं, "अर्धं." तर म्हणते, "मंग बाकीचं अर्धं तू चार दिवस आंधी काऊन नाई सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा लेख.