मुक्काम कोठे करावा?



खेड्यातून मोठ्या शहरी जाण्याचा प्रसंग प्रत्येकावर केव्हातरी येतोच. कोणास परीक्षेसाठी जावे लागते, कोणास मुलाखतीसाठी, तर कोणास घरच्या आजारी माणसास घेऊन रुग्णालयात. गाडीच्या वेळेची चौकशी आपण आठ दिवस आधी करतो. परंतु ‘उतरावयाचे कोठे?’ हा प्रश्न मात्र शहरात पाऊल ठेवल्यावर, हातात सामान घेऊन सोडवू पाहतो. वास्तविक मुक्कामाची वस्ती निवडणे हा प्रवासाचा पहिला धडा होय. त्याचे सूत्र सोपे आहे : मुक्काम गाडीजवळ नव्हे, कामाजवळ करावा.

हे सूत्र मागील पिढ्यांनी अनुभवाने ओळखले होते. प्रस्तुत लेखकाची मातृभाषा कोंकणी. त्या भाषेच्या गोमंतकीयांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव अशा भागांत गावोगावच्या ‘कुडी’ स्थापन केल्या. कूड म्हणजे एका गावच्या माणसांचे सामाईक बिऱ्हाड. बोटीवरील नोकरीची वाट पाहणाऱ्या खलाशास गोदी फार दूर असून चालत नसे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले; तेथे येणाऱ्या गोरगरीब रुग्णांस व त्यांच्या नातेवाइकांस जवळच्या दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. दुखणाइतास पायऱ्या आणि पावले मोजावी लागतात. म्हणून धर्मशाळेचे हे जवळ असणेच मोठे उपकारक ठरते.

आता आपल्या नित्याच्या हैदराबादकडे वळू. १९५६ पर्यंत बीदर जिल्हा हैदराबाद राज्यातच होता, आणि राज्य बदलले तरी आपला त्या शहराशी असलेला राबता तुटला नाही. हुमनाबाद, जहीराबाद या मार्गाने जाणारी बस शहरात पश्चिमेकडून शिरते. पटणचेरू, मियापूर, कुकटपल्ली ही नावे आधी लागतात आणि मुसी नदीवरील महात्मा गांधी बसस्थानक, म्हणजेच इमलीबन, शेवटी येते. कित्येक जण शेवटपर्यंत जाऊन समोर दिसेल त्या लॉजमध्ये उतरतात. परंतु ज्याचे काम पंजागुट्टा येथील निम्स रुग्णालयात आहे, तो आपले ठिकाण मागे टाकून पुढे गेलेला असतो! त्याने बसच्या वाहकास विचारून मियापूरला उतरावे, २०१७ साली सुरू झालेली मेट्रो धरावी आणि अमीरपेठ किंवा पंजागुट्टा येथे राहावे. उस्मानिया विद्यापीठात परीक्षा असल्यास तारनाका बरे. त्यासाठी अमीरपेठला मेट्रो बदलावी. सालारजंग संग्रहालय व चारमिनार पाहावयाचे असतील, तर मात्र अफझलगंज अथवा कोठी हेच सोयीचे. रेल्वेने जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे की, तिकिटावर ‘हैदराबाद’ असे असेल तर ते नामपल्लीचे स्थानक होय. सिकंदराबाद व काचीगुडा ही स्थानके निराळी.

‘पण दूरची खोली स्वस्त मिळते ना?’ असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. समजा, दूरच्या खोलीचे भाडे रोज २०० रुपयांनी कमी आहे. परंतु दोघांस जाण्यायेण्यास रिक्षाचे ३०० रुपये पडतात. म्हणजे बचत तर नाहीच, उलट रोज १०० रुपयांचा तोटा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. शिवाय परीक्षेची घंटा किंवा रुग्णालयातील क्रमांक वाटेतील गर्दीसाठी थांबत नाही. गेलेली वेळ पैशाने परत येत नाही, आणि एक चुकलेली परीक्षा म्हणजे कित्येकदा एक वर्ष असते.

नातेवाइकांचे घर दूर असेल, तर काम उरकल्यावर एक वेळ आनंदाने जेवावयास जावे. तेथून पहाटे धावपळ करू नये. वस्ती निवडताना रात्री दिव्यांचा रस्ता, जवळ खानावळ आणि औषधांचे दुकान आहे ना, हेही विचारावे. सोबत वृद्ध किंवा आजारी माणूस असल्यास खोली तळमजल्यावर घ्यावी.

अभ्यास : हैदराबादचा नकाशा घ्या. त्यावर प्रथम कामाचे ठिकाण, मग उतरण्याचे स्थानक आणि शेवटी मुक्कामाची वस्ती अशा तीन खुणा करा. दुसऱ्या व तिसऱ्या खुणेतील अंतर वाढले तरी चालेल. पहिल्या व तिसऱ्या खुणेतील अंतर मात्र पायी चालण्याइतके, निदान एका वाहनाचे असावे. घरातील वडीलधाऱ्यांस शहरी जाण्याचे काम निघेल, तेव्हा हा नकाशा त्यांच्यापुढे ठेवा. शाळेत शिकलेला भूगोल घरच्या अडचणीस उपयोगी पडावा, यापरते विद्येचे दुसरे सार्थक कोणते?