मैदानावरची आवर्ती ठेव

मैसूरहून चामराजनगरकडे निघालेल्या गाडीला आरंभीच चामराजपुरम हे छोटेसे स्थानक लागते. १९१६ साली स्थापन झालेल्या मैसूर विद्यापीठाची महाराजा आणि युवराज ही नामवंत महाविद्यालये या परिसरापासून जवळच आहेत. तरीही खेळाच्या बळावर महाविद्यालयात प्रवेश मिळविण्याचा मार्ग अनेक पालकांना बारावीच्या, म्हणजेच येथील द्वितीय पीयूसीच्या, निकालानंतरच आठवतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

समजा, नववीतील एक मुलगी २०० मीटर धावण्यात राज्यस्तरापर्यंत पोहोचली. तीन वर्षांनी प्रवेशाच्या वेळी असे आढळते, की एका प्रमाणपत्रावर नाव वेगळे आहे, दुसऱ्यावर जन्मतारीख नाही आणि तिसरे सापडतच नाही. तिची मेहनत खरी असते. परंतु निवड समितीपुढे ती सिद्ध करता येत नाही. म्हणूनच ही तयारी आवर्ती ठेवीप्रमाणे नववीपासून, नियमित हप्त्यांनी व्हावयास हवी.

पहिला हप्ता नोंदींचा. प्रत्येक स्पर्धेची तारीख, आयोजक संस्था, स्तर, क्रमांक आणि वेळ एका वहीत लिहावी. आधार, शाळेचा दाखला आणि प्रमाणपत्र यांवरील नाव एकसारखे आहे ना, हे प्रमाणपत्र हाती येताच तपासावे. चूक असल्यास दुरुस्ती त्याच आठवड्यात सोपी असते.

दुसरा हप्ता अभ्यासाचा. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अतिरिक्त जागा ठेवल्या. त्यांतील एक मुलींसाठी. परंतु राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावरील पदकासोबत जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पात्र ठरणेही आवश्यक आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटना एनसीएए हिच्या पहिल्या श्रेणीतही माध्यमिक शाळेतील १६ मूलभूत विषय-अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात; तिसऱ्या श्रेणीत तर खेळासाठी शिष्यवृत्तीच दिली जात नाही. शिवाय एखादी दुखापत मैदान हिरावून घेऊ शकते; अशा वेळी शिक्षणच आधार देते.

तिसरा हप्ता चौकशीचा. कोणत्या महाविद्यालयात आपल्या खेळाचा संघ आहे, कोणत्या स्तराची प्रमाणपत्रे ग्राह्य धरतात, निवड चाचणी केव्हा असते, हे अकरावीतच क्रीडा विभागाला विचारावे. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे.

चौथा हप्ता पैशांचा. बूट, आहार आणि प्रवास यांसाठी दरमहा थोडी रक्कम मुलाच्या नावे बाजूला ठेवावी. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूंना दरमहा १०,००० रुपये खर्चभत्ता देण्याची तरतूद आहे. अशा रकमांसाठी विद्यार्थ्याचे स्वतःच्या नावाचे, केवायसी पूर्ण झालेले खाते हाताशी असावे. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही खाते उघडतानाच नावाची जुळणी आवर्जून करून द्यावी.

मैसूरचेच सुपुत्र जवागल श्रीनाथ यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि कसोटी क्रिकेटमध्ये २३६ बळीही मिळविले. प्रत्येक मूल श्रीनाथ होईल असे नाही. मात्र घामाचा एकही थेंब कागदाअभावी वाया जाऊ नये, एवढी काळजी प्रत्येक पालकाला निश्चितच घेता येईल.