भविष्यकाळाला घाबरू नकोस

सुपा, ता. पारनेर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग राखल्यापासून सुप्यात जो तो मुलांना जपानी शिकायला सांगतो. तू पुण्यात स्पॅनिश निवडलीस, याचं मला फार कौतुक आहे. 20 देशांची ती राजभाषा. आता भविष्यकाळापाशी अडून धीर सोडू नकोस.

वर्तमानकाळात -आर, -एर, -इर या गटांचे प्रत्यय वेगवेगळे पाठ केलेस. भविष्यकाळात ते ओझं नाही. मूळ रूपाला हात न लावता त्यालाच ए, आस, आ, एमोस, एइस, आन जोडायचं. आब्लार म्हणजे बोलणे, त्याचं ‘आब्लारे’ म्हणजे ‘मी बोलेन’. तसंच कोमेर (खाणे) – कोमेरे, बिबिर (राहणे) – बिबिरे.

हे प्रत्यय आले ‘आबेर’ या सहायक क्रियापदातून. त्याची वर्तमानकाळी रूपं ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. ‘बोलायचं आहे’ अशा अर्थानं ती क्रियापदानंतर येत आणि पुढं त्यालाच चिकटली. म्हणून आबेर पक्कं कर, प्रत्यय आपोआप आठवतील.

मराठीचा आधारही घे. हिंदीत बोलेगा-बोलेगी होतं. आपल्याकडं तो बोलेल, तीही बोलेल. स्पॅनिशमध्येही दोघांना ‘आब्लारा’च. घड्याळ न बघता आपण ‘तीन वाजले असतील’ म्हणतो, तेही भविष्यकाळानंच. स्पॅनिश माणूस तसंच म्हणतो, ‘सेरान लास त्रेस’.

आघात मात्र सांभाळ. ‘आब्लारा’त जोर शेवटच्या ‘रा’वर हवा. तो ‘ब्ला’वर गेला, तर ‘बोलला तर’ अशा अर्थाचं वेगळंच रूप होतं. लिहिताना एमोस सोडून पाचही प्रत्ययांवर आघातचिन्ह दे.

तेनेर (जवळ असणे) – तेन्द्रे अशी अनियमित क्रियापदं डझनभरच आहेत. त्यांचं मूळ बदलतं, प्रत्यय तेच राहतात. म्हणून आधी नियमित रूपं जिभेवर बसव. बोलताना लोक ‘बोय आ आब्लार’ ही सोपी रचना पुष्कळ वापरतात. तेवढ्यावर थांबू नकोस, नाहीतर पुस्तक वाचताना अडशील.

नुसते तक्ते घोकू नकोस. रोज रात्री उद्याचे बेत मोठ्यानं सांग: मी काय करेन, मैत्रीण काय करेल, आम्ही कुठं जाऊ. स्वतःच्या कामाची वाक्यं विसरत नाहीत. पुढच्या पत्रात अशी सहा वाक्यं लिहून पाठव, मी तपासून देईन.

तुझी,
मावशी