अपघाती मृत्यूंचे आकडे वापरताना

काय करावे

• आकड्याशेजारी तो कोणी मोजला ते लिहा. २०२२ मधले रस्त्यांवरचे मृत्यू रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या हिशेबी १,६८,४९१ आहेत, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) हिशेबी १,७१,१००.

• अहवालाचे वर्ष नव्हे, घटनेचे वर्ष द्या.

• दर लाख लोकसंख्येमागचे प्रमाण काढा आणि लोकसंख्या कोणती धरली तेही सांगा. २०११ नंतरच्या वर्षांसाठी ती अंदाजितच असते.

• ३० दिवसांची मर्यादा ध्यानात ठेवा. अपघातानंतर चाळिसाव्या दिवशी अतिदक्षता विभागात दगावलेला जखमी रस्ते अपघातांच्या मृत्यूंत धरला जात नाही.

• रुग्णालयाचा आकडा हाती आला, तर माणसे मोजली की भरती, हे आधी विचारा. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयात हलवलेला एकच जखमी दोनदा मोजला जाऊ शकतो.

• इजा आणि तिचे कारण, दोन्ही मागा. आयसीडी-१० या आजार-इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘एस’ आणि ‘टी’चे संकेतांक काय मोडले ते सांगतात, ‘व्ही’ ते ‘वाय’ कशामुळे मोडले ते. दुसरा रकाना रिकामा असेल, तर ती नोंद अपघात टाळण्याच्या कामाची नाही.

• बुडणे, भाजणे, उंचावरून पडणे, सर्पदंश, वीज कोसळणे यांना वेगवेगळ्या ओळी द्या. शेतमजुरांचे मृत्यू ‘इतर’मध्ये हमखास हरवतात.

• डॉक्टर असाल तर नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, भरताना ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढ्यावर थांबू नका. विहिरीत पडला असेल तर तसे लिहा.

काय टाळावे

• अपघातांच्या संख्येवरून राज्यांची क्रमवारी लावू नका. २०२२ मध्ये केरळात ४३,९१० अपघातांत ४,३१७ मृत्यू झाले, उत्तर प्रदेशात ४१,७४६ अपघातांत २२,५९५. किरकोळ अपघात कोठे नोंदले जातात, हेही या तफावतीत दडलेले असते.

• २०२० हे तुलनेचे वर्ष धरू नका. टाळेबंदीत रस्तेच ओस होते.

• ‘जखमी’ म्हणजे ‘रुग्णालयात दाखल’ समजू नका. २०२२ चे ४,४३,३६६ जखमी पोलिसांच्या नोंदींतले आहेत.

• वैद्यकीय प्रमाणपत्रांवरून काढलेली टक्केवारी साऱ्या देशाला लावू नका. नोंदलेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहूनही कमी मृत्यूंना असे प्रमाणपत्र मिळते.

• सर्पदंशाबाबत पोलिसांच्या आकड्यावर विसंबू नका. घरोघरी चौकशी करून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे ५८,००० मृत्यूंचा आहे.

• गाजलेल्या एका महामार्गावर राज्याचे सारे मृत्यू ढकलू नका. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसे गेली, आणि समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला तो त्या वर्षाच्या ११ डिसेंबरला.

• ‘स्टोव्हचा भडका’ ही नोंद पडताळल्याशिवाय अपघातात जमा करू नका, विशेषतः मृत व्यक्ती तरुण विवाहिता असेल तर.

• आत्महत्येला एकच कारण चिकटवू नका आणि पद्धतीचे वर्णन तर मुळीच छापू नका. एनसीआरबीच्या अहवालातले ‘कारण’ हा पोलिसांनी भरलेला एक रकाना असतो.

• गावनिहाय तक्ते जसेच्या तसे प्रसिद्ध करू नका. लहान गावात संख्या एक असली की नाव न छापताही घर ओळखू येते.